साखरेचा आकडा आणि स्वतःशी बोलण्याची रीत

मधुमेहाचे निदान झाले तेव्हा या आजाराची मला माहिती नव्हती असे नाही. वडिलांना हाच आजार होता, आणि शेवटच्या काही वर्षांत पायाची जखम चिघळून त्यांचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला होता. मी सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकड्यांचीही भीती वाटण्याचे कारण नव्हते. मेटफॉर्मिनची गोळी जेवणासोबत का घ्यायची, उपाशीपोटीची साखर साधारण ८० ते १३० च्या दरम्यान आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत का ठेवायची, साखरेऐवजी गूळ घातला म्हणून चहा पथ्याचा का होत नाही, हे सगळे मला तोंडपाठ होते. अडचण निराळीच होती. ग्लुकोमीटरवर आकडा उमटला की मी स्वतःला ज्या भाषेत बोलत असे, त्या भाषेत मी वर्गातल्या सर्वांत व्रात्य मुलालाही कधी बोलले नव्हते.

‘एवढी शिकलेली बाई, आणि जिभेवर ताबा नाही.’ ‘बाबांचे हाल डोळ्यांनी बघितलेस, तरी अक्कल आली नाही.’ ‘भोग आता.’ ही वाक्ये मनात इतक्या सराईतपणे येत की ती मी बोलते आहे हेही मला जाणवत नसे. ती मला वस्तुस्थितीच वाटत. शिवाय माझी अशी पक्की समजूत होती की हा धाक आहे म्हणूनच मी निदान एवढे तरी पथ्य पाळते, आणि तो सुटला तर मी दिवसभर श्रीखंडच खात बसेन.

प्रत्यक्षात त्या धाकाने काय केले ते माझ्या वहीत लिहिलेले होते, फक्त मला ते वाचता आले नव्हते. वहीतले सगळे आकडे चांगले होते. चांगले असण्याचे कारण असे की आज आकडा बरा येईल अशी खात्री असेल त्याच दिवशी मी बोटाला सुई टोचत असे: आदल्या रात्री फक्त मुगाची खिचडी खाल्ली असेल, सकाळी आमराईत फेऱ्या झाल्या असतील, तेव्हा. लग्नकार्याच्या दुसऱ्या दिवशी, परीक्षांच्या धामधुमीत, आंब्याच्या दिवसांत यंत्र कपाटातच राही. पट्ट्यांच्या डबीची मुदत उलटून गेली तेव्हाही ती अर्धी भरलेलीच होती. सोयीचा नमुना निवडून काढलेली सरासरी फसवी असते हे मी दर वर्षी सांख्यिकीच्या प्रकरणात मुलांना समजावून सांगते.

तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी मात्र अशी फसत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांतल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर चिकटत जाते, त्यामुळे एचबीए१सीच्या आकड्यात चांगले दिवस आणि झाकून ठेवलेले दिवस दोन्ही येतात. माझा आकडा ८.९ टक्के आला, वहीतल्या चांगल्या आकड्यांशी न जुळणारा. डॉक्टरांनी वही पाहिली, अहवाल पाहिला, पुन्हा वही पाहिली, आणि कसलीही चौकशी न करता दवाखान्यातल्या समुपदेशक मुलीकडे मला पाठवले.

मुलगी म्हणते, कारण ती माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिने आधी एक प्रश्नावली भरून घेतली. मधुमेहाचा मनावर येणारा भार मोजण्यासाठी १९९५ साली अमेरिकेत तयार झालेली ही प्रश्नावली ‘पेड’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिच्यात २० बाबी असतात, प्रत्येकीला शून्य ते चार गुण द्यायचे, बेरजेला १.२५ ने गुणून शंभरापैकी आकडा काढायचा, आणि तो ४० किंवा त्याहून अधिक आला तर भार गंभीर मानायचा. पथ्य मोडल्यावर अपराधी वाटते का, अशा अर्थाची एक बाब तिच्यात आहे. तिच्यापुढे मी विचार न करता चार लिहिले. एकूण आकडा चाळिसाच्या वर गेला आणि माझी पहिली प्रतिक्रिया अशी झाली की, बघा, यातही आपण नापास.

हे मी मोठ्याने बोलून गेले असणार, कारण ती हसली नाही. तिने विचारले, “मॅडम, तुमच्या शाळेत अजून कुणाला शुगर आहे का?” आमच्या शिपाईमामांना आहे. मागच्या दिवाळीनंतर त्यांची साखर तीनशेच्या पुढे गेली होती आणि ते स्टाफरूमच्या दाराशी कागद घेऊन उभे होते. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, असे तिने विचारले. मला ते शब्दशः आठवत होते. “अहो मामा, दिवाळीत कुणाची वाढत नाही? घाबरू नका, आज संध्याकाळी डॉक्टरांना कागद दाखवून या, आणि उद्यापासून जेवणानंतर दोन फेऱ्या मैदानाला मारू, मी पण येते.” एवढे बोलून मी थांबले. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही, आणि त्याची गरजही नव्हती. मामांना मी खोटा धीर दिला नव्हता, गोळ्या-औषधांतून सूट दिली नव्हती. उलट त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला लावले होते. तीनशेचा आकडा त्यांनी मला दाखवला, आणि माझा आकडा मी कपाटात ठेवला, या दोन गोष्टींतला फरक त्या खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आला.

मामांशी बोलले तसेच स्वतःशी बोलणे, याला ती आत्मकरुणा म्हणत होती. तिची मांडणी टेक्सासमधल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली केली. नेफ यांच्या मते आत्मकरुणेचे तीन धागे असतात. दुखते आहे हे ना लपवता ना फुगवता जसेच्या तसे जाणणे. असे होणारे आपण एकटेच नाही, माणसांचे असेच होत असते, हे लक्षात ठेवणे. आणि अशा वेळी स्वतःशी जिव्हाळ्याने वागणे. नेफ यांनी क्रिस्टोफर गर्मर यांच्याबरोबर आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रमही तयार केला आहे. तो मी पूर्ण केलेला नाही. मोजक्या भेटींत त्यातले काही तुकडे शिकले, आणि त्यांतला एकच तुकडा खऱ्या अर्थाने माझा झाला. तो असा की आकडा दिसला की काहीही करण्याआधी थांबायचे, छातीवर तळहात ठेवायचा, आणि तीन वाक्ये म्हणायची. ‘हे जड जातंय.’ ‘हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आलेलं नाही.’ ‘आत्ता मला कशाची गरज आहे?’

पहिले काही दिवस मला हा प्रकार अतिशय नाटकी वाटला. एका सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याशी छातीवर हात ठेवून डोळे मिटून उभी असताना नवरा पाणी प्यायला आला आणि त्याने घाबरून विचारले, “छातीत दुखतंय का? रिक्षा बोलावू?” त्यानंतर मी हात छातीवर ठेवायचे सोडले आणि एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरायला लागले. समुपदेशक म्हणाली की चालेल, स्पर्श ऊबदार असला म्हणजे झाले, जागा महत्त्वाची नाही. हे मनगट धरणे स्टाफरूममध्ये टेबलाखाली, रिक्षात, प्रयोगशाळेच्या बाकावर कुठेही जमते आणि कुणी रिक्षा बोलावत नाही.

नाटकीपणा ओसरल्यावर जे आले त्याला मी तयार नव्हते. ‘हे जड जातंय’ एवढे साधे वाक्य मनात उच्चारले की रडू यायचे, आणि ते साखरेच्या आकड्यासाठी नसायचे. बाबांचा पाय कापल्यानंतर मी त्यांच्यावर चिडले होते. तुम्ही ऐकत नाही, तुम्ही चोरून खाता, असे रोज बोलत होते. आणि ते माझ्यादेखत आपले आकडे सांगायचे बंद झाले होते. ते सगळे त्या ओट्याशी वर यायला लागले. समुपदेशकाने हे आधीच सांगून ठेवले होते: स्वतःशी मऊ वागायला सुरुवात केली की कधी कधी जुने दुःख उसळून येते, ते आले तर जोर करायचा नाही, त्या दिवशी सराव सोडून द्यायचा, पाय जमिनीवर टेकलेले जाणवू द्यायचे, चहा करून प्यायचा. मी बऱ्याचदा चहाच केला. ज्यांच्या मनात याहून मोठ्या जखमा आहेत त्यांनी हा सराव पुस्तक वाचून एकट्याने करू नये, जाणकाराच्या सोबतीने करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्र लिहिण्याचा सराव मला जमला नाही. आपल्यावर माया करणाऱ्या एखाद्या काल्पनिक मैत्रिणीच्या नजरेतून स्वतःला पत्र लिहायचे असते. मी दोनदा बसले, आणि दोन्ही वेळा कागदावर मुख्याध्यापकांच्या निरोपसमारंभातल्या भाषणासारखी वाक्ये उतरली, म्हणून तो नाद सोडला.

या काळात घरातून एक आक्षेप सतत ऐकू येत होता आणि तो मला पटतही होता. आत्या म्हणाली, “मनाचे लाड केले की मन डोक्यावर बसतं.” आमच्याकडे मनाला दामटून वळणावर आणायचे असते, चुचकारायचे नसते, निदान माझे वाढणे तसे झाले. या आक्षेपाचे उत्तर मला अॅडम्स आणि लिअरी या संशोधकांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळाले. त्यांनी महाविद्यालयीन मुलींना एक डोनट खायला दिला. त्यांतल्या काही मुलींना प्रयोग घेणारीने सहज बोलावे तसे सांगितले की असे गोडधोड सगळेच कधी ना कधी खातात, त्यावरून स्वतःला बोल लावू नका. मग सर्वांना चव घेण्यासाठी गोळ्या-चॉकलेटे दिली आणि कोण किती खाते ते पाहिले. एरवी खाण्यावर कडक बंधने घालणाऱ्या मुलींपैकी ज्यांना तो दिलासा मिळाला नव्हता त्यांनी नंतर अधिक खाल्ले. ज्यांना मिळाला होता त्यांनी कमी. म्हणजे मन डोक्यावर बसते ते चुचकारल्याने नव्हे. वाचताना मला माझी मागची होळी आठवली: पहिली पुरणपोळी खाल्ल्यावर ‘आता बिघडलंच आहे तर’ म्हणून दुसरी, तिच्यावर तुपाची धार, रात्री उरलेली तिसरी, आणि मग पुढचे कित्येक दिवस यंत्राकडे पाठ. बुडत्याचा पाय खोलात तो असा.

पुढच्या होळीचे मी जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्या प्रक्रियेत हीच एक संध्याकाळ अशी आहे की जिच्यात फरक मला स्वतःला दिसला. धाकटी जाऊ वाढत होती. “ताई, सणाच्या दिवशी एका पोळीनं काय होतंय?” मी एक पोळी घेतली, दुधाबरोबर, सावकाश खाल्ली, आणि ती उत्तम झाली होती, पुरणात जायफळ बेताचे होते आणि पोळीला कडेपर्यंत पुरण होते. कटाची आमटी आणि भात मात्र घेतला, जो घ्यायला नको होता. दोन तासांनी मी यंत्र काढले. करंगळीशेजारच्या बोटाच्या कडेला टोचले (कडेला कमी दुखते, मधोमध जास्त), थेंब पट्टीला लावला, पाच मोजायच्या आत २४१ आला. सवयीचे वाक्य आलेच: ‘झालं समाधान?’ मनगट हातात धरले. हे जड जातंय. आज या गल्लीत अशी कितीतरी यंत्रे काढली गेली असतील. आत्ता मला कशाची गरज आहे? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला नेहमी काहीतरी कोमल येईल असे वाटायचे, विश्रांती वगैरे. त्या दिवशी उत्तर आले की वही हवी आहे. मी तारीख घातली, २४१ लिहिले, त्याच्यापुढे ‘पोळी १, भात, आमटी, सकाळी चालणे नाही’ असे लिहिले, चपला घातल्या आणि आमराईला दोन फेऱ्या मारून आले. रात्री भाजी-भाकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजले. वहीत आयुष्यातला पहिला वाईट आकडा आला होता आणि त्याच्यामुळे ती वही पहिल्यांदा कामाची झाली होती. पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्या पानावरून कळले की पोळीपेक्षा माझा भात मला अधिक भोवतो.

माझा आत्मकरुणेवर विश्वास आहे तो एवढ्यापुरता. तिने मला प्रसन्न केले नाही, माझा स्वभाव बदलला नाही. तिने मला आकड्याकडे बघता येईल एवढी जागा करून दिली.

माझ्यासाठी सर्वांत अवघड धागा दुसरा होता, आपण एकटे नाही हा. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १०.१ कोटी आहे असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. एवढा मोठा आकडा वाचून मला काडीचा धीर आला नाही. कोटींच्या गर्दीत माणूस एकटाच असतो. धीर आला तो प्रयोगशाळेच्या बाकावर. उपाशीपोटीचे रक्त देऊन झाले की तिथे माणसे डबे उघडतात, कारण खाऊन दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे असते. कुणाच्या डब्यात उपमा, कुणाच्या थालीपीठ. एका आजोबांनी डब्यातले पोहे अर्धे बाजूला काढून ठेवले आणि आजींनी विचारल्यावर म्हणाले, “आज कमी खातो, आकडा बरा येईल.” आजी म्हणाल्या, “रोज खाता तेवढंच खा, नाहीतर डॉक्टरला काय कळणार?” मी आयुष्यभर एकटीची समजत होते ती लबाडी सत्तरीचा माणूस उघड्यावर, पोह्यांच्या डब्याशी करत होता, आणि मला त्यांचा राग न येता हसू आले. त्या हसण्यात मीही आले.

हे सगळे परदेशी खूळ आहे, असेही मला ऐकवले गेले. नेफ यांनी आपली मांडणी बौद्ध साधनेतून घेतल्याचे स्वतःच सांगितले आहे. बुद्धघोष या प्राचीन बौद्ध आचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात मैत्रीची भावना करायची ती प्रथम स्वतःपासून, म्हणजे मला जसे सुख हवे आहे तसेच इतरांनाही, हे त्यावरून उमगते, असे सांगितले आहे, आणि त्या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती संपादित केली ती मूळच्या गोव्यातल्या धर्मानंद कोसंबींनी. तेव्हा खूळच असेल तर ते फिरून घरी आलेले आहे, एवढेच मी आत्याला सांगितले. तिने मान हलवली, पण ती मान्यतेची होती असे मी म्हणणार नाही.

फायदा किती झाला असे विचाराल तर मला हात राखून बोलावे लागेल. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड इथे मधुमेहाच्या ६३ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना आठ आठवडे आत्मकरुणेचा अभ्यासक्रम दिला त्यांच्यातले नैराश्य आणि मधुमेहाचा मानसिक भार कमी झाला आणि एचबीए१सी सरासरीने सुमारे एक टक्क्याने उतरले, तर जे प्रतीक्षायादीत होते त्यांच्यात तसा बदल दिसला नाही. ६३ ही संख्या लहान आहे. माझा स्वतःचा आकडा ८.९ वरून ७.४ वर आला, पण त्याच काळात डॉक्टरांनी एक गोळी वाढवली होती आणि रात्रीचा भात बंद झाला होता, त्यामुळे श्रेय कुणाला किती हे गणिताची शिक्षिका म्हणून मी सांगू शकत नाही. ताणामुळे शरीरात कॉर्टिसोल आणि अॅड्रेनलिन ही संप्रेरके वाढतात आणि यकृतातून साखर रक्तात सोडली जाते हे खरे आहे. पण स्वतःला बोलणे थांबवल्याने माझी साखर उतरली असे छातीठोकपणे म्हणणे म्हणजे पुन्हा सोयीचा नमुना निवडणेच होईल. वहीवरून जे दिसते ते एवढेच की मी आता नियमित मोजते, आणि नियमित मोजते म्हणून औषध नीट ठरते.

जुना आवाज गेलेला नाही. दमलेली असले, पेपर तपासून मान आखडलेली असली की तो हमखास येतो. आता तो आला की मी त्याच्याशी वाद घालत नाही. तो बाबांसाठी घाबरलेल्या मुलीचा आवाज आहे हे मला कळते, आणि तिला गप्प बसवण्याची मला तेवढी घाई नसते.

डोळ्यांच्या तपासणीचे राहून गेले होते. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा असतो, हे मला निदानाच्या दिवसापासून ठाऊक होते आणि मी ते निदानाच्या दिवसापासून टाळत होते. या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वेळ घेतली. माझी मुलगी सोबत आली, कारण थेंब घातल्यावर काही तास जवळचे दिसत नाही. पडद्यावर अगदी सुरुवातीचे बदल आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. आत्ता डोळ्यांवर उपचाराची गरज नाही, साखर आणि रक्तदाब सांभाळा, वर्षाने पुन्हा या. “आधीच यायला हवं होतं ना?” असे मी विचारले. ते म्हणाले, “आता आलात ना.” मी मनगट धरले, मग मुलीला वही काढायला सांगितली, आणि पुढच्या वर्षीची तारीख तिच्याकडून लिहवून घेतली. मूत्रपिंडासाठी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणीही करून घ्या, असे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले होते. ती दुसऱ्या दिवशी सकाळी करून घेतली.